परतीची हाक

माझ्या मामाने चाळीस वर्षं एका धनिकाच्या इस्टेटीवर शिकारी कुत्री सांभाळली. मग तिथली शिकार बंद पडली, कुत्र्यांच्या खोल्यांत खताची पोती रचली गेली, आणि मामा उरलेल्या एका म्हाताऱ्या कुत्रीला घेऊन दोन खोल्यांच्या घरात राहायला आला. ना बायको, ना मूलबाळ. कुत्रीचं नाव थोरली.

मी शब्दकोशाच्या कचेरीत काम करते. शिकारी कुत्र्यांचे जुने शब्द आणि ते आले कुठून, हे गोळा करायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी थेट मामाचं घर गाठलं. हे शब्द राजेरजवाड्यांकडून आले असतील, अशी माझी समजूत. मामाने मला वेड्यात काढलं.

"राजे बसायचे घोड्यावर. कुत्र्यांशी बोलणार कोण? आम्हीच ना! आणि आम्ही सहा-सहा महिने घराबाहेर. मग तोंडात घरचंच येणार."

खरंच सगळं घरचं होतं. कळपाच्या पुढे धावते ती थोरली. मागे रेंगाळतं ते शेंडेफळ. स्वतःला वास लागलेला नसताना दुसऱ्याचं ऐकून भुंकतो तो होयबा. "तुमच्या हापिसात असतात तसे," मामा म्हणाला. वास विरलेला माग म्हणजे शिळा माग. मी कार्डांवर कार्डं भरत होते.

"आणि परत बोलवायचा शब्द?"

"तो नाही."

"का रे?"

"तो उगाच बोलायचा नसतो. काम संपलं की मगच. आणि ऐक, कुत्र्याला सोडणारा कुणीही असो, परत बोलावतो त्याचंच ते होतं. मला आता ही एकच राहिलीय."

हट्टी म्हातारा, असं मी मनात म्हटलं. मनात कशाला, तोंडावरच म्हटलं. मला घाई होती. पुढच्या आठवड्यात त्याच्या घशाचं ऑपरेशन होतं आणि त्यात आवाज जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी बाकीचे शब्द मोबाइलवर त्याच्या आवाजात रेकॉर्ड करून घेतले. एक कार्ड कोरं राहिलं.

ऑपरेशननंतर मामाच्या हातात पाटी आली. आता तो थोरलीला बाहेर मोकळं सोडतच नव्हता. सोडली तर बोलावणार कशाने? तिचं बारावं वर्ष चालू होतं, आणि हिला पळू देऊ नका, हृदय थकलंय, असं जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी त्या दुपारी मी अक्कल गहाण टाकल्यासारखी वागले. दार सताड उघडं, थोरली मामाच्या खाटेखाली झोपलेली, आणि मी कार्डं तपासायला रेकॉर्डिंग लावलं. मामाचा जुना, भरदार आवाज खोलीत घुमला. "छू!"

थोरली उठली आणि गेलीच. अंगण, गल्ली, ओढा ओलांडून पलीकडच्या झाडीत. मी मागे धावले, तिला नावाने हाका मारल्या, यू-यू केलं. झाडीतून तिचं भुंकणं येत होतं, दर वेळी जरा बारीक. ही कुत्री बोलावल्याशिवाय थांबत नाहीत. पडेपर्यंत धावतात.

मामा काठी टेकत ओढ्याशी आला. त्याने तोंड उघडलं. नुसती हवा आली. त्याने खडू काढला आणि पाटी छातीशी धरून तसाच उभा राहिला. मला वाटलं, चिडलाय. चिडला नव्हता. मग त्याने लिहिलं, "ताट वाढलंय."

त्याने बाहीने पुसून पुन्हा लिहिलं, "माझ्या आईची हाक. तुझी आई मारायची तशीच."

आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती. ती आम्हाला अंगणातून याच हाकेने आत बोलवायची, 'ताट'वर सूर लांबवून. मी तशी हाक मारली. पहिल्यांदा आवाज फाटला. दुसऱ्यांदा रडू आलं. तिसऱ्यांदा भुंकणं थांबलं.

थोरली लंगडत, कान फाटलेला, झाडीतून बाहेर आली. मामा खाली बसला, हात पसरले. ती त्याच्याजवळून पुढे गेली आणि माझ्या पायाला टेकून बसली. मी तिला ढकललं, "अगं, तिकडे जा ना!" ती हलली नाही.

मामाने पाटीवर लिहिलं, "आता ती तुझी." अक्षर नेहमीसारखं नीट होतं.

घरी आल्यावर मी तिचा कान धुतला, स्वयंपाक केला. आमच्यापैकी कुणी कुणाकडे बघत नव्हतं. वाढून झालं आणि नकळत माझ्या तोंडून गेलं, "ताऽट वाढलंय!"

थोरलीने मान वर केली. पण तिच्याआधी मामा उठला. काठी न घेता, भिंतीला धरून दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला. त्याचा चेहरा ओला झाला होता. चाळीस वर्षं ही हाक त्याने मारली होती. त्याला मात्र ती इतक्या वर्षांत कुणी मारली नव्हती.

मी त्याचा हात धरून त्याला ताटावर बसवलं. ते कार्ड अजून कोरं आहे, पण जेवायच्या वेळेला मी रोज मामाकडे असते.