ओमला कोणी मारेना

मखमलाबादच्या कोंडाजींचा ओम लहानपणी प्रत्येक खेळात लिंबूटिंबू होता. अंगाने काडी, बोलताना अडखळणारा. आट्यापाट्या असो की क्रिकेट, मैदानात तो असायचा, पण तो बाद झालेला कोणी धरत नसे आणि त्याच्या धावाही कोणी मोजत नसे. बारावीला दोनदा नापास झाल्यावर घरीही तेच झालं. झेंडू तोडायला तो हवा असे, काही विचारायचं असलं की नको असे.

दोन हजार तीन साली शेखरने सातपूरला सायबर कॅफे काढला. कारखान्यातली नोकरी सुटली होती, हाताला काहीतरी हवं होतं. दहा कॉम्प्युटर एकमेकांना जोडून त्याने पाच-पाच जणांच्या दोन टोळ्यांचा बंदुकांचा खेळ लावला. पहिली पाळी साडेतीनला सुटली की कामगार पोरं रिकामा डबा घेऊन थेट तिथे यायची. ओम सकाळी फुलं बाजारात टाकायचा, जेवायचा आणि सायकलवर यायचा.

महिन्याभरात त्याच्या तोडीचा कोणी उरला नाही. पानाआडचं फूल पहाटेच्या अंधारात हेरायची सवय असलेली नजर होती ती. भिंतीआडून टोपीचं टोक दिसलं की समोरचा आडवा. डाव मांडताना पोरं ओम आपल्याकडे हवा म्हणून भांडायची. त्याच्यावरून भांडण होतंय, हे त्याने जन्मात पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवसांत पोरगा शीळ घालत घरी यायचा, असं त्याची आई रंगूबाई अजून सांगते.

मग भांडण थांबलं आणि कुरकुर सुरू झाली. ओमची टोळी जिंकणारच, तर खेळायचं कशाला? शेखरने दोन्ही पारडी सारखी करायचा खूप प्रयत्न केला. ओमला सगळ्यांत कच्चे चार गडी दिले. ओम जिंकला. नुसतं पिस्तूल दिलं. ओम जिंकला. त्याच्यासकट तिघे आणि समोर सात केले, तरी तेच. शेवटी ओम मुद्दाम नेम चुकवू लागला. ते पोरांना जास्त झोंबलं. बारकू वेल्डर उठून उभा राहिला. "भीक घालू नको रे," एवढंच म्हणाला आणि डबा उचलून गेला. आठवड्यात आणखी तिघे यायचे थांबले.

शेखरने ओमला बाहेर पायरीवर बोलावलं. चहा मागवला. उद्यापासून येऊ नकोस, एवढंच सांगायचं होतं. ते त्याच्या तोंडून निघेना. ओमला मात्र कळलं. त्याने कप पायरीवर ठेवला.

"शेखरभाऊ, मला लिंबूटिंबू घ्या."

"येडा झाला का? तू?"

"गोळी चालवणार नाही. मला मारलं तरी धरू नका. नुसतं आत राहू द्या."

शेखरने होकाराची मान हलवली.

पहिला दिवस हसण्यात गेला. ज्यांना कधी ओमसमोर टिकता आलं नव्हतं, त्यांनी त्याला शोधून शोधून मारलं. ओमही हसत होता. बारकू परत आला, बाकीचेही आले. दुसऱ्या दिवशी मारणारे कमी झाले. चौथ्या दिवशी त्याच्यावर गोळी फुकट घालवायला कोणी तयार नव्हतं. तो पडद्यावरच्या एखाद्या दारात उभा राही, पोरं त्याला वळसा घालून जात.

त्या दिवशी शेजारच्या खुर्चीवर यादव होता. आयटीआयचा, सगळ्यांत कच्चा. दहा पावलांवरची भिंतही त्याच्याकडून चुकायची. खेळातल्या एका अरुंद बोळात ओम त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. बंदूक खाली.

"मार ना," ओम हळूच म्हणाला.

यादवने पडद्यावरची नजर काढली नाही. "सरक ना ओमदादा. मागून खरा गडी येतोय."

ओम सरकला. यादव पुढे गेला. मागून येणाराही त्याला ओलांडून गेला. पडद्यावर रिकामा बोळ राहिला. बाजूच्या खुर्च्यांवर पोरं एकमेकांना हाका मारत होती, शिव्या देत होती. डाव संपेपर्यंत ओम त्या बोळात उभा होता. कोणी आलं नाही.