वस्तादांचा शड्डू

माझा धाकटा भाऊ हेवीवेट बॉक्सर आहे आणि आमच्या भागात नावाजलेला आहे. नावाजलेला म्हणजे चौकात फ्लेक्स लागतात आणि सत्काराला शाल, नारळ आणि चक्क गदा मिळते. बॉक्सरला गदा कशासाठी, असं मी एकदा एका संयोजकांना विचारलं. ते म्हणाले, "सर, पदक लांबून दिसत नाही ना."

गदा वाढत होत्या तेव्हाच भाऊ हरू लागला होता. एकाच तरुण पोराकडून, आणि दर वेळी डाव्या गालावर बसणाऱ्या त्याच ठोशाने. राज्य संघाची निवड चाचणी जवळ आली होती. तुझ्या वयाला ही शेवटची, असं निवड समितीने तोंडावर सांगितलेलं. हरला तर कन्नड गावची घरची शेती होतीच. शेतीबद्दल त्याची तक्रार नव्हती, पण बांधावर बसून तो जन्मभर त्या ठोशाचाच विचार करणार, हे आम्हाला दिसत होतं.

नवा प्रशिक्षक शोधावा असं घरात ठरलं, पण मला फारशी आशा नव्हती. तिशी ओलांडलेला माणूस चहातली साखरसुद्धा बदलत नाही. हा तर डोक्यात बारा गावच्या टाळ्या घेऊन फिरणारा.

प्रशिक्षक मिळाली ती पडेगावात, पत्र्याच्या शेडमध्ये. वयाने भावाहून लहान, वजनाने त्याच्या निम्मी, स्वतः हलक्या गटात खेळलेली. भावाने तिला दाखवायला बॅगेवर असे ठोसे मारले की पत्रे वाजले. ती शांतपणे बघत होती.

"दादा, तुम्ही मारायच्या आधी पत्रिका छापता," ती म्हणाली.

"कसली पत्रिका?"

"आमंत्रणाची. उजवा ठोसा मारायच्या आधी तुमचा डावा हात मांडीवर जातो. गाल मोकळा. ज्याला यायचंय तो येतो मग."

तिने मोबाईलवर त्याच्याच लढती दाखवल्या. तो हात मी कितीदा पाहिला होता, आणि लोकांसारखी टाळीही वाजवली होती. तो शड्डू होता. कुस्तीत भिडण्याआधी पैलवान मांडीवर थाप मारून आव्हान देतो, तोच. भाऊ मुळात खुलताबादच्या तालमीतला. तिथले वस्ताद फौजेतून बॉक्सिंग शिकून आलेले, त्यामुळे पोरांना कुस्ती आणि बॉक्सिंग एकाच मातीत मिळालं. ग्लोव्ह घालून मारलेल्या शड्डूचा आवाज उशी झटकल्यासारखा येतो, पण लोकांना तेवढाही पुरायचा.

"मॅडम, ते आपसूक होतं," भाऊ म्हणाला. "लहानपणापासनं हाय."

"व्हय, दिसतंय. सुटंल. पण उद्यापासनं यायचं."

भावाने माझ्याकडे पाहिलं. वस्तादांना विचारल्याशिवाय दुसऱ्याकडे शिकायला जाणं आमच्याकडे फारकतीसारखं मानतात. मग आम्ही खुलताबादला गेलो.

वस्ताद दाराशी खाटेवर बसले होते. भावाने मान खाली घालून सगळं सांगितलं. शड्डूचं आलं तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला. म्हाताऱ्याचा अपमान होणार, असं मलाही वाटलं.

"मेरेकू मालूम था," वस्ताद म्हणाले.

"मग बोलला का नाय, वस्ताद?"

"मैंच सिखाया ना. तू छोटा था, डरता था. मैं बोला, मांडी ठोक, डर भाग जाता. अब किस मूं से बोलूं, छोड दे?" मग म्हणाले, "वो लडकी बोल सकती. जा उसके पास. और देख, दुबला मत होना, मेरी इज्जत का सवाल है."

मॅडमने दुसऱ्या दिवशी त्याला घरातून एक शाल आणायला सांगितली. आमच्याकडे शालींना तोटा नव्हता. ती घडी करून तिने त्याचा डावा ग्लोव्ह आणि गाल यांच्यामध्ये ठेवली. उजव्या हाताने मारायचं, शाल पडू द्यायची नाही. पडली की पुन्हा पहिल्यापासून. शाल दिवसभर मातीत लोळायची. सत्काराच्या शालीचा उपयोग होताना मी प्रथमच पाहत होतो.

चाचणीच्या दिवशी समोर तेच पोरगं आलं. वस्ताद एसटीने आले आणि माझ्या शेजारी बसले. पहिल्या दोन फेऱ्या भावाचा हात गालाला चिकटून राहिला आणि तो ठोसा ग्लोव्हवरच आदळत राहिला. शेवटच्या फेरीत भाऊ दमला. मागून कुणीतरी ओरडलं, "पैलवान, ठोक मांडी." त्याचा डावा हात खाली सरकू लागला.

"हात उप्पर," माझ्याशेजारून आवाज आला. "उप्पर रख रे, मैं बोल रहा."

मॅडमही तेच ओरडत असणार, पण मला वस्तादांचंच ऐकू आलं. बहुधा भावालाही. हात वर गेला, समोरच्याचा ठोसा त्याच्यावर आपटला, आणि भावाचा उजवा हात आमंत्रण न देता पोहोचला. निकाल थोड्याच गुणांच्या फरकाने लागला, पण आमच्या बाजूने.

नवा प्रशिक्षक जुन्या बॉक्सरला सुधारू शकतो का, असं आता मला कुणी विचारलं तर मी हो म्हणतो, आणि जुन्या वस्तादांबद्दलही सांगायला लागतो. त्या दिवशी मला दोघांचे आभार मानायचे होते. पण सत्काराची भाषणं इतकी ऐकली आहेत की वापरावा असा एकही शब्द उरला नव्हता. मी दोघांना चहा आणून दिला.

वस्तादांनी मॅडमला शेजारी बसवून घेतलं. "बेटी, और क्या क्या गलत सिखाया मैंने इसकू?"

"पाय, वस्ताद," ती म्हणाली. "पण ते उद्या बघू."