मधली दोन पानं

दफ्तरखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणायचे. गळ्यात काळ्या दोरीला भिंग अडकवलेलं असायचं, ते जेवतानाही ती काढायची नाही. एकदा ते डब्यातल्या आमटीत बुडालं, तेव्हा रुमालाने पुसून तिने पुन्हा गळ्यात सोडलं होतं. नवरा बस डेपोतून निवृत्त झालेला टाइमकीपर. तो म्हणायचा, "लग्नाआधी माझ्याकडे एकदा या भिंगातून बघायला हवं होतंस. वाचली असतीस."

जुनी लिपी वाचणं हे तिचं काम. पाचशे वर्षांपूर्वीचे कागद, वाळवीने खाल्लेले, ओल लागून फुगलेले, आणि त्यावरची एकमेकांच्या अंगावर चढलेली अक्षरं. ती वाचून सध्याच्या अक्षरात उतरवून द्यायची. साऱ्या शहरात हे येणारी माणसं तिघं, त्यातला एक अंथरुणाला खिळलेला आणि दुसरा भांडखोर. त्यामुळे सगळं तिच्याकडेच यायचं. अठ्ठावन्न वर्षं पूर्ण व्हायला चार महिने राहिले होते, आणि या नोकरीत आपण कधी कुणाचं वाईट केलं नाही, असं तिला लोकांसमोर तरी म्हणता येत होतं.

एका सकाळी पोथ्यांची डागडुजी करणारा कारागीर तिच्या टेबलापाशी आला. तिशीतला, अबोल, हाताला सतत खळीचा वास. त्याने लाकडी पाटावर एक जुनं बाड आणलं होतं. राजाच्या खासगीकडचा रोजनामा, रोजच्या रोज लिहिलेल्या नोंदी.

"बाई, यातली दोन पानं एकमेकांना चिकटली होती. वाफ देऊन सोडवली. आत दोन्हीकडे मजकूर आहे. तुमच्या उताऱ्यात तो दिसत नाही, म्हणून म्हटलं तुम्हाला दाखवावं."

तो सहज बोलला. पण भिंगबाईने पाट लगेच आपल्याकडे ओढला. हे बाड तिने चोवीस वर्षांपूर्वी वाचलं होतं, आणि ते चिकटलेलं पान तिला तेव्हाच बोटांना जाड लागलं होतं.

तेव्हा ती चौतीस वर्षांची होती, नोकरी कच्ची होती. त्या जुन्या राजावर पुस्तक लिहिणारे एक प्राध्यापक बाहेरगावाहून आले होते. राजा चाळिशीत अचानक गेला, तो कशाने गेला हे त्यांना शोधायचं होतं. दरबारी बखर साठ वर्षांनी लिहिलेली, पुढच्या राजाच्या पदरी असलेल्या माणसाने. त्यात नुसतं "दैवाने ओढून नेले" एवढंच. दरबारात राहिलेल्या एका परदेशी वकिलाच्या, म्हणजे राजदूताच्या, पत्रात "राजा आजारी होता, मग पडला" असं मोघम. राहिला हा रोजनामा. तो वाचायला भिंगबाईला बसवलं. दोन दिवसांनी सरांची गाडी होती.

ती मोठ्याने वाचत होती आणि सर पेन्सिलीने लिहून घेत होते. एका पानाचा शेवट असा होता : "वैद्यांनी दिलेले चाटण घेऊन राजे". तिने पान उलटलं. ते जाड लागलं. पुढे होतं : "पडले ते पुन्हा उठले नाहीत."

सरांची पेन्सिल थांबली. "पुन्हा वाचा."

तिने पुन्हा वाचलं. वाक्य कसं छान जुळत होतं. वैद्यांनी दिलेले चाटण घेऊन राजे पडले ते पुन्हा उठले नाहीत.

"सलग आहे ना, बाई? मधलं काही सुटलं नाही ना?"

जाड पान बोटांत होतं. ते सोडवायचं तर साहेबांना अर्ज, मग कारागिराची वाट, म्हणजे तीन आठवडे. आणि सर तिच्याकडे असे बघत होते, जसं आजवर कुणी बघितलं नव्हतं.

"सलग आहे," ती म्हणाली.

सर उठून उभे राहिले. "तुम्ही मला किल्ली दिलीत," म्हणाले. त्या दिवशी घरी जाताना तिचे पाय जमिनीवर नव्हते. मागाहून पत्र टाकून जाड पानाचं कळवू, असं तिने मनाशी ठरवलं होतं. आठवड्याने वाटलं, पुढच्या आठवड्यात कळवू. मग राजाला वैद्यांनी विष दिलं असं सांगणारं पुस्तक आलं, त्याच्या पहिल्या पानावर तिचे आभार होते, आणि मग कळवणं राहूनच गेलं. राहून गेलं असं ती म्हणायची. खरं तर तिने ते राहू दिलं होतं.

आता कारागीर समोर उभा होता. तिने भिंग डोळ्याला लावलं आणि ती दोन पानं वाचली.

चाटण घेऊन राजे सावध झाले होते. त्यांनी चार घास खाल्ले होते. वैद्य तीन रात्री उशाशी बसून होते. चौथ्या दिवशी ते म्हणाले, अंगात ताकद नाही, इतक्यात घोड्यावर बसू नये. राजे हसले. सहाव्या दिवशी बागेच्या दगडी पायऱ्यांवरून त्यांनी हट्टाने घोडी उतरवली, घोडीचा पाय मोडला, आणि दुसऱ्या पानाचे शेवटचे शब्द होते : "राजे डोक्यावर".

त्यापुढे तेच जुनं पान. पडले ते पुन्हा उठले नाहीत.

"महत्त्वाचं आहे का काही?" कारागिराने विचारलं.

"बघते," ती म्हणाली. तिला त्याच्याकडे मान वर करून बघवेना.

पुढचा आठवडा ती आशेवर होती, आणि त्या आशेचीच तिला पुढे जास्त लाज वाटली. ही पानं खोटी निघावीत, कुणीतरी मागाहून घुसडलेली असावीत, असं तिला मनातून वाटत होतं. म्हणून ती शोधत राहिली. शाई तीच, हात तोच, कागद तोच. मग तिने पागेचं बाड काढलं. घोड्यांच्या खाण्यापिण्याच्या नोंदी, कंटाळवाण्या, म्हणून कुणी कधी उघडलेल्या नव्हत्या. त्याच दिवशीची ओळ सापडली : काळी घोडी, पुढचा डावा पाय बागेच्या पायऱ्यांवर मोडला, मारून टाकली. घोडी सांभाळणाऱ्या मोतद्दाराला काढून टाकले. वकिलाचं पत्र तिने पुन्हा वाचलं. "आजारी होता, मग पडला." सरांनी त्याचा अर्थ अंथरुणाला लागला असा घेतला होता. तो बिचारा वकील खरंच पडल्याचं लिहीत होता.

तीन कागद, तिघांचे हात वेगळे, आणि तिघं एकच सांगत होते. विष नव्हतंच कुठे.

पण विष साऱ्या शहराला माहीत झालं होतं. पुस्तक खपलं, शाळेच्या धड्यात चार ओळी आल्या, राजवाडा दाखवणारे गाइड आवाज खाली करून चाटणाची गोष्ट सांगू लागले. आणि त्या वैद्याचं घराणं याच शहरात होतं. बाजारामागच्या गल्लीत त्यांचा दवाखाना होता, काचेच्या बरण्या, दगडी खल. तिथले म्हातारे वैद्य भिंगबाईच्या आईला खोकल्याचं औषध द्यायचे. पुस्तक आल्यावर एकदा जेवताना आई म्हणाली होती, "तिथलं औषध नको बाई आता. त्यांनी राजाला सोडलं नाही, माझी काय कथा." सगळे हसले होते. भिंगबाई पानातलं जेवत राहिली होती.

एवढ्यावर भागलं असतं तरी तिने मनाची समजूत घातली असती. पण ते म्हातारे वैद्य एकदा दफ्तरखान्यात आले होते. त्याला अकरा वर्षं झाली. स्वच्छ कपडे, हातात छत्री, टेबलासमोर उभे.

"आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत, की राजे बागेच्या पायऱ्यांवर पडले. आमच्या माणसाने नको म्हटलं होतं. तुम्ही ते बाड एकदा पुन्हा बघाल का?"

"आजोबा, घरात सांगतात तो पुरावा होत नाही," ती म्हणाली होती. "कागद आहे का तुमच्याकडे?"

"कागद तर तुमच्याकडे आहे," ते म्हणाले होते. आणि छत्री सावरून निघून गेले होते. तेव्हा ते बाड तिच्या पाठीमागच्या कपाटात होतं. हात लांब केला असता तर लागलं असतं.

तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो टेबलाशी भाजी निवडत होता. त्याने निवडणं थांबवलं नाही.

"यात काय एवढं? नवीन पानं सापडली, म्हणून लिहून टाक. खोटं थोडंच आहे."

"मला माहीत होतं, अहो."

"ते कुणाला माहीत आहे?"

तिने तसंच केलं. "डागडुजीत नवीन पानं उजेडात आली" असं टिपण साहेबांना दिलं. साहेब खूश झाले. चार दिवसांत वर्तमानपत्रात तिचा भिंगासकट फोटो आला : पाचशे वर्षांचं कोडं सोडवणारी भिंगबाई. शेजारीण तो कापून घेऊन आली. एकाच लबाडीबद्दल आपलं दोनदा कौतुक झालं, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला शरमेने घरात तोंड लपवायला जागा पुरेना. कारागीर तिला भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, "ते पान हाताला जाड लागतं, बाई. मला तर उघडायच्या आधीच कळलं." तो टोमणा मारणारा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

त्याच दुपारी तिने प्राध्यापकांना फोन केला. ते आता ऐंशीच्या पुढे, कानाने अधू; तिला ओरडून बोलावं लागलं, आणि आपली लाज अशी ओरडून सांगताना बाहेर व्हरांड्यातले शिपाईही ऐकत होते.

"मी तुम्हाला विचारलं होतं," सर म्हणाले. "सलग आहे का म्हणून."

"हो, सर."

"बखरीत वैद्याला शिक्षा झाल्याचा शब्द नाही. विष असतं तर त्याला सोडलं असतं का? हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. पण मला तुमचं वाक्य फार आवडलं." मग ते म्हणाले, "त्या लोकांना भेटलात का?"

त्या लोकांना भेटायला तिला आणखी नऊ दिवस लागले. दोनदा ती गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आली.

दवाखाना बंद होता. वैद्य सहा वर्षांपूर्वी वारले होते. त्याच खोलीत त्यांची मुलगी शिवणकाम करायची. पन्नाशीची, तोंडात टाचण्या धरलेल्या. बरण्यांच्या फळीवर आता दोऱ्यांची रिळं होती. भिंगबाईला तिने ओळखलं.

"पेपरात वाचलं," ती टाचण्या काढत म्हणाली. वडिलांना ती दादा म्हणायची. "दादा असायला हवे होते. बसा ना."

भिंगबाई बसली नाही. बसलं तर सांगणं होणार नाही, असं तिला वाटलं. उभ्यानेच तिने सगळं सांगितलं. जाड पान, सलग आहे म्हटलं ते, आणि वैद्य आले होते तो दिवस.

मुलगी ऐकत होती. मशीनवर अर्धवट शिवलेला झगा होता, त्याची घडी तिने दोनदा सारखी केली.

"त्या दिवशी घरी येऊन दादा म्हणाले, बाई बरोबर बोलल्या, कागदाशिवाय कसं मानणार," ती म्हणाली. "तुमची बाजू घेतली त्यांनी. आई तुम्हाला शिव्या देत होती, तर तिच्यावर रागावले."

भिंगबाईला वाटलं, त्यांनी त्या दिवशी टेबलावर छत्री आपटली असती तर बरं झालं असतं.

"माझं चुकलं," ती म्हणाली. तिच्याच कानांना ते फार तोकडं वाटलं.

"हो, चुकलं." मुलीचा आवाज चढला नव्हता. "लोक चेष्टा करायचे. औषध आधी तुम्ही चाखून दाखवा म्हणायचे. दादा हसून चाखायचेही. शेवटी तीनच पेशंट उरले, तेही नात्यातले. मला हे काम त्यांनीच शिकायला लावलं. वैद्यकी माझ्यापर्यंत येऊच दिली नाही."

मशीनवरचा झगा तिने बाजूला सारला. मग मुलीने ग्राहकांची मापं लिहायची वही काढली, कोरं पान उघडलं आणि पेन पुढे केलं.

"आत्ता मला जे सांगितलंत ते लिहून द्या. पानं सापडली असं नको. तुम्हाला माहीत होतं, असं."

भिंगबाईने लिहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांचं उतरवून काढणारा तिचा हात चार ओळींत तीनदा अडला. सही केली, तारीख घातली. दुसऱ्या दिवशी तोच मजकूर तिने साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि रोजनाम्याच्या उताऱ्याला जोडायला सांगितला.

साहेबांनी तिला दार लावून समजावलं. निवृत्तीला तीनच महिने राहिलेत, कशाला ओढवून घेता, दफ्तरखान्याचं नाव जाईल. ती मान खाली घालून ऐकत राहिली आणि कागद मात्र उचलून घेतला नाही. अखेर तो जोडला गेला. तिच्या जुन्या उताऱ्यांवर आता कोण विसंबणार, म्हणून सगळे पुन्हा तपासायला दिले, आणि ते काम त्या दुसऱ्या, भांडखोर वाचकाकडे गेलं. तो रोज मोठ्याने म्हणायचा, "बघू, बाईंनी इथे काय गाळलंय." पुढच्या बत्तीस बाडांत त्याला काही सापडलं नाही, पण ते तो मोठ्याने म्हणाला नाही.

निरोपाच्या दिवशी भाषणं झाली नाहीत. कारागीर तिला फाटकापर्यंत सोडायला आला. सरांनी प्रकाशकाला लिहून पुस्तकात दुरुस्तीची चिठ्ठी घालायला लावली होती. धडाही पुढच्या वर्षी बदलेल म्हणत होते. राजवाड्यातले गाइड मात्र विषाचंच सांगत होते. त्यातल्या एकाला तिने एकदा थांबवून खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, घोडीवरून पडले म्हटलं की लोक पुढे चालायला लागतात. चाटण म्हटलं की थांबतात."

तेव्हापासून ती आठवड्यातून दोनदा दुपारची राजवाड्याच्या बागेत जाते. पायऱ्यांपाशी घोळका आला की उठते आणि गाइडचं झाल्यावर सांगते, असं नाही, असं झालं. कधी लोक ऐकतात, कधी तिला खुळी समजून पुढे जातात. कुणीतरी हटकून विचारतं, तुम्हाला हो कसं माहीत? तिथे तिची जीभ अजून जड होते. तरी ती सांगते.