बिल्ड मशीनचा रुसवा

खंडेनवमीला बायकोने राउटरवर मोगऱ्याचा गजरा ठेवला. थोड्या वेळाने तापलेल्या फुलांचा गोडसर, उकडल्यासारखा वास सुटला आणि मी थेट चेन्नईतल्या, अण्णा नगरच्या माझ्या पहिल्या ऑफिसात पोचलो.

तिथे आयुधपूजेला प्रत्येक कॉम्प्युटरला गंध-कुंकू लागे. सगळ्यांचा कोड जोडून सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या बिल्ड मशीनचा मान मोठा, म्हणून आमच्या टीम लीड राजलक्ष्मी मॅडमनी त्याला मोगऱ्याचा मनगटाएवढा जाड हार घातला. संध्याकाळी क्लायंटला सॉफ्टवेअर द्यायचं होतं, आणि बिल्ड सुरू केलं की मशीन अर्ध्यावर बंद पडायचं. कोडमधला शेवटचा बदल माझा होता. प्रसादाच्या शिऱ्यात मीच मीठ घातल्यासारखी सगळी टीम माझ्याकडे बघत होती. मी ओळ न् ओळ तपासली, चूक काही सापडेना.

"तंबी, तुझ्या कोडमध्ये काही दोष नाही," मॅडम म्हणाल्या. तमिळमध्ये तंबी म्हणजे धाकटा भाऊ. "आज हत्यारांना सुट्टी असते. मशीन रुसलंय."

माझं डोकंच फिरलं. तणतणत मी वायरी बघायला मशीनमागे वाकलो, तर हाच वास! हार घसरून पंख्याच्या जाळीवर बसला होता आणि मशीन तापून आपोआप बंद पडत होतं. हार काढला, बिल्ड सुरळीत पार पडलं.

मॅडमनी स्क्रीनला हात जोडले. "बघ, गेला रुसवा."

शिजलेला हार हातात धरून मी तेव्हा नुसता धुमसत होतो. आज राउटरवरचा गजरा बाजूला सरकवताना वाटलं, त्या खोलीत माझ्या कोडवर विश्वास फक्त मॅडमचा होता. माझासुद्धा नव्हता.