जागा देणारा बॉक्सर

दरवर्षी दिवाळीनंतर माणचा एक मेंढपाळ कुंडलच्या आमच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवतो. मला तो गुरुजी म्हणतो. त्याचं नाव मात्र मी कधी विचारलेलं नाही, कारण आल्याआल्या तो मोबाईल काढून बॉक्सिंगच सुरू करतो.

पहिल्या वर्षी एका धिप्पाड बॉक्सरवर त्याचा फार जीव होता. "आवं गुरुजी, हालत न्हाई जाग्यावरनं. भित्ताड हाय भित्ताड! आन् समोरचा त्यो बघा, नुसता पळतुय. पळपुटा!"

पुढच्या वर्षी तो हात गळ्यात अडकवून आला. त्याचाच एडका अंगावर धावला तेव्हा हा भिंतीसारखा उभा राहिला होता. त्या मुक्कामात बॉक्सिंगचा विषय निघाला नाही.

यंदा त्यानं त्या पळपुट्याचीच लढत लावली. "लय हुशार गडी!"

"अहो, हा तर पळपुटा ना?" त्याच्या खांद्यावरून मोबाईलमध्ये डोकावत मी विचारलं.

तो दुखावला. "पळत न्हाई त्यो, गुरुजी. जागा देतुय. येणारा जोरात येतुय न्हवं? त्याला जागा द्यायची. म्होरं त्याचं त्यो बघंल."

मला ते मनापासून पटलं. तेवढ्यात समोरून एडका मुसंडी मारत आला. मेंढपाळानं मान वर केली आणि अगदी अदबीनं एक पाऊल बाजूला होऊन त्याला जागा दिली.

मागं मी होतो.

उसाच्या पाटात पडल्यापडल्याच माझं मत बदललं. तो भिंतीसारखा उभा राहणारा बॉक्सरच खरा.