कोमलचे मार्क

मी माकणी सोडली त्या सकाळी माझी बॅग कोमलनं उचलली होती. घरापासून स्टँडपर्यंत तिनं मला बॅगेला हात लावू दिला नाही. अण्णा पुढं चालत होते. मेंढरं त्या दिवसापुरती चुलत्यांकडं सोपवून आले होते, आणि मोकळ्या हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. आई मागून धपाट्यांचं फडकं छातीशी धरून येत होती. बारावी सायन्स मी लोहाऱ्याला रोज जाऊन-येऊन केली होती, आणि आता पुण्यातल्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला माझा नंबर लागला होता. आमच्या भावकीत बारावीनंतर पुण्याला निघालेली मी पहिली मुलगी.

अण्णा म्हणाले, "नीट राहा. आमच्या कानावर काय येऊ देऊ नको."

आई म्हणाली, "पोटाला खात जा."

आणि कोमल, माझी पाठची बहीण, नुकतीच दहावी झालेली, खिडकीखाली येऊन म्हणाली, "अक्का, तिथली लायब्ररी किती मोठी हाय ते बघून मला सांग. माझी बारावी झाली की म्या येतेच."

गाडी सुटल्यावर मी रडले नाही. खरं सांगायचं तर मला लई आनंद झाला होता.

जे गावात राहिलात आणि जे माझ्यासारखे बॅग घेऊन निघालात, त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. निघालेल्यांना पुढचं बरंचसं ठाऊक असणार. हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात एका मुलीनं विचारलं, "धाराशिव म्हणजे नेमकं कुठं?" मी सांगायला लागले तर माझ्या 'न्हाय'वर आणि 'व्हय'वर दोघीतिघी हसल्या. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण दिवाळीपर्यंत मी 'नाही' आणि 'हो' म्हणायला शिकले. मेसमधली पोळी कागदासारखी पातळ असायची. प्रॅक्टिकलला स्लाइड कशी धरायची ते मला कुणी शिकवलं नव्हतं. लोहाऱ्याला मायक्रोस्कोप कपाटात असायचा आणि कपाटाची किल्ली सरांकडं. पहिल्या सेमिस्टरला एका विषयात नापास झाले, ते घरी कळवलं नाही. कळवलं फक्त कोमलला.

ती आईच्या फोनवरून बोलायची. धरणाकडं रेंज बरी येते म्हणून तिकडच्या बांधावर जाऊन बसायची आणि मला गणितं विचारायची. थोड्याच महिन्यांत उलटं झालं. माझ्या स्टॅटिस्टिक्समधलं काही अडलं की मीच तिला सांगायचे आणि ती दुसऱ्या दिवशी सोडवून कळवायची. तिचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं होतं. हे मी मोठेपणानं म्हणत नाही. घरात सगळ्यांना माहीत होतं. अण्णासुद्धा मेंढरांचा व्यवहार करताना तिलाच हाक मारायचे.

दुसऱ्या वर्षी माझ्या एका मैत्रिणीचा वाढदिवस झाला. आम्ही सातआठ जण, त्यात दोन मुलं, एका हॉटेलात गेलो. मी जीन्स घातली होती. फोटो कुणीतरी स्टेटसला ठेवला आणि तो माझ्या चुलत्यांच्या मुलानं बघितला. माकणीत तो कुणाकुणाच्या फोनवर फिरला ते मला नीट कळलं नाही. अण्णांनी मला एक शब्द विचारला नाही. मी समजले, प्रकरण मिटलं.

मिटलं नव्हतं. त्या फोटोची शिक्षा मला झाली नाही, एवढंच.

माझी दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली त्या दिवशी आईचा फोन आला. म्हणाली, "कोमलचं जमवलंय. येरमाळ्याची माणसं हायती, हायवेला त्यांचं हॉटेल हाय. पुढल्या रविवारी हळद."

"कधी ठरलं?"

"झाले की पंधरा-वीस दिवस. तुझी परीक्षा होती म्हणून सांगितलं न्हाय."

कोमलची बारावी नुकतीच झाली होती, निकाल यायचा होता. अठरा पूर्ण व्हायची मात्र वाट बघितली होती. तेवढा कायदा पाळला होता.

मी मिळेल त्या गाडीनं माकणीला पोचले. दारात मांडव घालायचं काम चाललं होतं. अण्णा बांबू धरून उभे होते. मी बॅगसुद्धा खाली ठेवली नाही.

"अण्णा, निकाल तरी लागू द्यायचा. तुम्हीच म्हणाला होता ना, दोघी शिका म्हणून?"

अण्णांनी बांबू शेजारच्याच्या हातात दिला आणि मला बाजूला घेतलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे बोलले.

"तुला सोडली. गाव बोललं ते ऐकून घेतलं. भाऊ बोलला, तेबी ऐकलं. दोघींचं ऐकून घ्यायची ताकद न्हाय माझ्यात."

"मी काय केलं?"

"तू काय केलं असं म्या म्हणलो का? तुझं शिक्षण म्या बंद केलं का? मग गप बस."

घरात कोमल नव्या बांगड्या भरलेले हात मांडीवर ठेवून बसली होती. मी तिला म्हणाले, "तू नको म्हण. मी तुझ्या बाजूनं आहे."

ती म्हणाली, "म्या नको म्हणलं तर तुला परत बोलावतील अक्का. चुलते तसंच म्हणत होते. एकीचं तरी लग्न लावा, न्हायतर थोरलीला परत आणा म्हणून. तुझं एक वर्ष राहिलंय ना?"

रविवारी हळद लागली आणि दुसऱ्या दिवशी लग्न झालं. मी करवली होते.

निकाल लागला तेव्हा मी पुण्यात होते आणि कोमल येरमाळ्यात. मीच तिचा निकाल काढला. तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते, बरेच जास्त, गणितात तर वर्गात पहिली. फोन केला तर मागं गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. मी मार्क सांगितले. ती म्हणाली, "बरं. लातूरची गाडी थांबलीय, भजी काढायची हायत. ठेवते." मी फोन हातात घेऊन हॉस्टेलच्या जिन्यात बसून राहिले.

मी शिकले. पुण्याबाहेरच्या एका दूध प्लांटच्या लॅबमध्ये क्यूसीला, म्हणजे दुधाचा दर्जा तपासायला, लागले. टँकर आला की सॅम्पल घ्यायचं, फॅट, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ, भेसळ बघायची, बॅच पास करायची किंवा अडवायची. माझ्या सहीवाचून दूध पुढं जात नाही. शिफ्ट, पीजी, रूममेट, वीकेंडला कपडे धुणं, महिन्यातून एखादा सिनेमा, असं आयुष्य मार्गी लागलं. तिथंच नीलेश भेटला, मूळचा फलटणचा, प्रॉडक्शनमधला. आम्ही लग्न करायचं ठरवलं तेव्हा मी अण्णांना भीतभीतच सांगितलं. अण्णा एवढंच म्हणाले, "तुझी पसंती हाय ना? मग आमची हाय." शिकलेल्या, कमावत्या मुलीला पसंती असू शकते, हे त्यांनी एका दमात मान्य केलं. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात सुखाचा क्षण असायला हवा होता. त्या दिवशी मला फक्त कोमलचे मांडीवर ठेवलेले हात दिसत राहिले.

गेल्या हिवाळ्यात गावच्या शाळेनं गॅदरिंगला माझा सत्कार ठेवला. गावातल्या मुलींना चार शब्द सांगा, म्हणाले. तोवर गावाचं मत बदललं होतं. ज्या चुलत्यांनी मला परत आणायला सांगितलं होतं, ते आता पाहुण्यांना माझा पगार वाढवून सांगत होते. अण्णा पहिल्या रांगेत, पांढराशुभ्र सदरा घालून. कोमल तिच्या धाकट्या पोरीला घेऊन, सोबत आलेल्या सासूशेजारी, बायकांमध्ये सतरंजीवर बसली होती. अण्णांच्या हातात माईक दिला. त्यांना भाषणाची सवय नाही. ते म्हणाले, "म्या मेंढरं राखली, पण पोरींना शिकवलं. म्या पोरींत आणि पोरांत कधी फरक केला न्हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग माईक माझ्याकडं आला. मी तयार करून आणलेलं बोललेच नाही. मी म्हणाले, "माझ्या बहिणीला, कोमलला, बारावीला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. निकाल लागायच्या आधी तिचं लग्न लावलं. माझ्यावर गाव बोललं, म्हणून तिला बसवलं. सत्कार करायचाच असेल तर हे सगळं धरून करा."

मला वाटलं होतं, खरं बोलल्यावर काहीतरी सुटेल. अण्णा स्वतःच्या चपलांकडं बघत होते. कोमल उठली आणि पोरीला थोपटत, तिची समजूत काढत मांडवाबाहेर गेली. पोरगी रडत नव्हती.

मी तिच्या मागं गेले. शाळेच्या नळापाशी ती उभी होती.

"कुणी सांगितलं होतं तुला माझं नाव घ्यायला?" ती म्हणाली.

"खरं होतं म्हणून घेतलं."

"खरं म्या रोज बघते. तुला माईकवर सांगायची काय गरज होती? माझी सासू तिथंच बसलीय. आता वर्षभर ऐकवंल, एवढे मार्क होते तर आमच्या भज्याला कशाला आलीस म्हणून. तू संध्याकाळी गाडीत बसून जाशील अक्का. म्या ह्यांच्यातच हाय."

मी म्हणाले, "मग तूही चल. मुक्त विद्यापीठातून पदवीला नाव घालू. फी, पुस्तकं, सगळं मी बघते. लेकरांना माझ्याकडं ठेव."

तिनं पोर दुसऱ्या कडेवर घेतली. ती हसली; ते हसणं मी विसरणार नाही.

"तुला बरं वाटावं म्हणून म्या शिकू का? शिकायचं व्हतं तेव्हा शिकायचं व्हतं. आता माझं हॉटेल हाय, गिऱ्हाईक हाय, नवरा माझं ऐकतो. त्यात सुखानं राहायला शिकलेय म्या, लई मुश्किलीनं. तेबी मोडू नको."

ती आत गेली. तिच्या सासूशेजारी जाऊन बसली आणि कार्यक्रम संपेपर्यंत तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

तेव्हापासून अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. मी घरी आले की ते मेंढरं घेऊन धरणाकडं निघून जातात आणि मी निघायच्या वेळी परत येत नाहीत. आई मला ताट वाढते ते पाहुण्याला वाढावं तसं, पाटावर, पाण्याचा तांब्या भरून शेजारी. "त्यांचं मन दुखलंय," म्हणते, "चार माणसांत बापाला असं बोलत न्हाईत." मी विचारते, कोमलचं मन? आई म्हणते, "तीबी तुझ्यावरच रागावलीय." हे खरं आहे. ज्यांनी तिला बसवलं त्यांच्याशी कोमल बोलते, सणाला त्यांच्याकडं येते, अण्णांना येताना खारी आणि बिस्किटं आणते. तिचा राग आहे तो माझ्यावर. खूप दिवस मला हे अन्यायाचं वाटलं. आता वाटतं, तिला दुसरीकडं राग ठेवायला जागाच नाही. त्यांच्यात तिला राहायचं आहे. मी लांब असते, माझ्यावर रागावणं परवडतं.

तुम्ही गेला असाल तर एकदा शोधा, तुमच्या जाण्यासाठी घरात कोण थांबलं. आणि तुम्ही थांबला असाल तर आमच्यावर रागवा; आम्ही आमच्या फ्लॅटमध्ये बसून तो राग सोसू शकतो. फक्त आम्ही मोकळे झालो असं समजू नका.

यंदा दिवाळीची रजा टाकली आहे. नीलेश विचारत होता, तिथं जाऊन करणार काय? मी त्याला सांगितलं, काही नाही. अण्णा रानात जातील. कोमल भाऊबीजेला चुलतभावाला ओवाळायला येईल, पण मी निघाल्यावर. आई ताट वाढील आणि मी जेवीन. शेजारीपाजारी मला माझा पगार विचारतील. तरी प्लांटमध्ये कुणी विचारलं की मी अजून 'घरी चाललेय' असंच म्हणते. तिथं माझी वाट बघणारं आई सोडून कुणी उरलेलं नाही, आणि त्या जागेला दुसरं काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही.