न तपासलेली खीळ

हे आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. आता का लिहितो आहे? धीर आला म्हणून नव्हे. ज्याला सांगायला हवं होतं तो राहिला नाही, एवढंच.

बहात्तरच्या दुष्काळात मी सोनईकडच्या गावांतून पिठाच्या गिरण्यांची इंजिनं तपासत फिरायचो. तिथल्या एका गावात रंगनाथ गिरणी चालवायचा — मालक दुसरा, तालुक्याला राहणारा. इंजिनापासून जात्यापर्यंत लांब पट्टा, आणि त्यावर वजन लावलेल्या दांड्याचं एक चाक. पट्टा सैल पडला की ते आपोआप खाली येऊन त्याला ताणून धरायचं. दांडा फिरायचा एका लोखंडी खिळीवर. खीळ झिजली का हे बघायचं तर इंजिन बंद करून दांडा उचलायचा, आडवा हलवायचा. पाच मिनिटांचं काम.

पट्टा घसरला की गिरणीवाले पकड यावी म्हणून चालत्या पट्ट्यावर चिकट राळ टाकत. तसं करू नको, हात जाईल, असं मी रंगनाथला बजावलं होतं. त्यानं ऐकलं. राळ न टाकता तो माझी वाट बघत थांबला — आणि मी गेल्या गेल्या म्हणाला, "मिस्तरी, पट्टा लई घसरतोय. त्या चाकाचं बघा जरा."

दारात बायकांची रांग. रेशनची लाल मिलो ज्वारी घेऊन सकाळपासून ताटकळलेल्या. एक म्हातारी ओरडली, "गिरन बंद केली तर तुमालाच जात्यावर बसवीन, मिस्तरी!" सगळ्या हसल्या. मीही हसलो. दारातूनच चाकाकडे पाहिलं, म्हणालो — ठीक आहे, चालू दे.

म्हातारीमुळे नाही. मला एसटी गाठायची होती. पण कशासाठी? भाड्याच्या खोलीत माझी वाट बघणारं कोण होतं?

चौथ्या दिवशी खीळ तुटली. पट्टा उडून रंगनाथच्या तोंडावर बसला. उजवा डोळा गेला.

मालकानं मला बोलावलं. मोडक्या खिळीवर दसऱ्याचं कुंकू तसंच सुकलेलं — तेव्हापासून तिला कुणाचा हात लागला नव्हता, हे कुणीही ओळखलं असतं. मी ते अंगठ्यानं पुसलं. मालकाला म्हणालो, "चालत्या पट्ट्यावर राळ टाकत होता." रंगनाथला त्यानं काढून टाकलं.

तो भांडायला येईल असं वाटलं होतं. आला, डोळ्यावर पट्टी बांधून. "तुमी बजावलं हुतं, मिस्तरी. माझाच हात गेला आसंल राळंकडं. मला तर काईच आठवत न्हाई."

खोलीत आम्ही दोघंच होतो. तेव्हा सांगता आलं असतं ना? मी चहा ठेवला.

पुढं कितीतरी वर्षं, बाजारात कुणी गिरणीवाला भेटला की रंगनाथ त्याला स्वतःचा डोळा दाखवायचा. मी दिसलो तर मलाच पुढं ओढायचा — "ह्या मिस्तरीनं सांगितलं हुतं, म्या ऐकलं न्हाई." लोक माझ्याकडे आदरानं बघत. मी मान हलवायचो.

त्याचा मुलगाही आज हेच सांगतो, की बापाची चूक झाली.

कुंकू पुसल्यावर मी पडलेल्या पट्ट्यावरून बोटं फिरवली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत. राळ कुठंच नव्हती.